नव्वदी ओलांडलेल्यांकडे आधी या

प्रति,
मा. सचिव,
जैवतंत्रज्ञान विभाग, भारत सरकार,
नवी दिल्ली



माणूस नव्वदी-शंभरी कशाच्या जोरावर गाठतो आणि त्यात आईवडिलांकडून आलेल्या जनुकांचा हात किती, हे भारतीय माणसांवरच तपासायचं असेल तर त्यासाठी लागणारी माणसं सरकारच्या एका यादीत आधीपासून आहेत. ती यादी रेल्वेच्या पेन्शनरांची. त्यांची संख्या सुमारे 15 लाख. नोकरी करून निवृत्त झालेल्या प्रत्येकाची जन्मतारीख, नोकरीला लागल्याची तारीख, काम कोणतं केलं त्याची नोंद, आणि माणूस हयात आहे की नाही याची दरवर्षी नव्याने होणारी खातरजमा. आपल्या विभागाने रेल्वे मंत्रालयाशी बोलून यांतल्या नव्वदीपुढच्या लोकांचा, त्यांच्या संमतीने, दीर्घकाळ चालणारा आनुवंशिक अभ्यास सुरू करावा, ही मागणी करायला हे पत्र लिहिते आहे.

मी लखनौच्या मानक नगरात राहते. रेल्वेची संशोधन, अभिकल्प आणि मानक संघटना, सगळ्यांच्या तोंडी आरडीएसओ, 1957 साली स्थापन झाली आणि ही वसाहत तिच्याभोवती वाढली. तिथल्या धातूंच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी झाली. मुलगीही तिथेच लागल्यामुळे निवृत्तीनंतर वसाहत सुटलेली नाही. रूळ, चाकं, ॲक्सल का तुटतात हे शोधायचं काम आमच्याकडे यायचं. तुटलेला ॲक्सल टेबलावर आला की आधी त्याचा कास्ट नंबर बघायचा. कोणत्या भट्टीतला, कधीचा, कोणत्या गाडीखाली किती वर्षं धावला, मागच्या अल्ट्रासॉनिक तपासणीत काय दिसलं होतं. हा इतिहास हाताशी नसला तर मायक्रोस्कोपखाली भेग स्वच्छ दिसूनही ती का पडली ते ठामपणे सांगता येत नसे. माणसाच्या वार्धक्यावरचं संशोधन मी गेली अनेक वर्षं आवडीने वाचते आहे आणि मला तिथेही हीच अडचण दिसते. जीनोम वाचणारी यंत्रं आता देशात बऱ्याच ठिकाणी आहेत. ज्याचा जीनोम वाचायचा, त्याच्या आयुष्याचे कागद मात्र सहसा नसतात.

जनुकांचा आयुष्याच्या लांबीशी संबंध आहे हे पहिल्यांदा ठळकपणे दिसलं ते सी. एलिगन्स नावाच्या मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत. 1988 मध्ये डेव्हिड फ्रीडमन आणि टॉम जॉन्सन यांनी एका जनुकातल्या बदलामुळे हा कृमी जास्त जगतो असं दाखवलं. 1993 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सिंथिया केन्यन यांच्या गटाला डॅफ-2 या जनुकात बदल असलेले कृमी दुपटीहून जास्त जगताना दिसले, आणि ते नुसते रखडत नव्हते. त्यांच्या वयाचे इतर निपचित पडले असताना हे हिंडत होते. गॅरी रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळेने 1997 मध्ये डॅफ-2 वाचून काढलं तेव्हा कळलं की ते आपल्या इन्सुलिनच्या रिसेप्टरचंच नातेवाईक आहे. म्हणजे अन्नाची सुबत्ता की टंचाई हे पेशीला कळवणारी जी यंत्रणा, तीच वय होण्याचा वेगही ठरवते. या कृमीवर लखनौमध्येही काम झालं आहे. इथल्या सीमॅप या संशोधन संस्थेत वनस्पतींतले घटक देऊन त्याचं आयुष्य वाढतं का हे तपासलं गेलं, आणि सीडीआरआय या औषध-संशोधन संस्थेत त्याच्यावर वार्धक्यातल्या मेंदूच्या आजारांचा अभ्यास झाला.

इथून सुमारे तीनशे किलोमीटरवर, वाराणसीत, प्रा. एम. एस. कानुनगो यांनी त्याही आधी हा विषय हातात घेतला होता. वय वाढतं तसं जनुकांचं चालू-बंद होणं बदलत जातं आणि वार्धक्याचं मूळ तिथे आहे, हा विचार त्यांनी 1975 मध्ये मांडला. जगात फार थोडे लोक तेव्हा या भाषेत बोलत होते. बनारस हिंदू विद्यापीठात ते आयुष्यभर उंदरांवर हेच तपासत राहिले. 1994 मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशनाने त्यांचं ‘जीन्स अँड एजिंग’ हे पुस्तक काढलं, 2005 मध्ये पद्मश्री मिळाली, 2011 मध्ये ते गेले. आज स्टीव्ह होर्वाथ यांचं 2013 चं ‘घड्याळ’ जगभर वापरतात, ज्यात डीएनएवरच्या 353 ठिकाणच्या रासायनिक खुणा पाहून वयाचा अंदाज बांधतात. त्या खुणा जनुकांच्या चालू-बंद होण्याशीच निगडित आहेत. कानुनगोंचं नाव आपल्या शाळा-कॉलेजांत कुणाला माहीत नसावं याची मला मनापासून खंत वाटते.

पण कृमी तीन आठवडे जगतो आणि उंदीर तीन वर्षं. प्रयोग करणाऱ्याच्या डोळ्यांदेखत त्यांचं सगळं आयुष्य होऊन जातं. माणसाच्या बाबतीत संशोधक आणि ज्याच्यावर संशोधन करायचं तो, दोघं एकाच वेगाने म्हातारे होतात. म्हणून माणसांत हे काम जिथे जिथे झालं, तिथे कुणीतरी आधीच्या पिढीत नोंदी लिहून ठेवल्या होत्या. हवाईतलं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. तिथे 1965 मध्ये हृदयविकाराच्या अभ्यासासाठी जपानी वंशाच्या 8,006 पुरुषांची नोंद झाली; सगळे 1900 ते 1919 मधले जन्म. चाळीस-एक वर्षं त्यांच्या तपासण्या होत राहिल्या. 2008 मध्ये ब्रॅडली विलकॉक्स आणि सहकाऱ्यांनी त्यांतले किमान 95 वर्षं जगलेले 213 जण एका बाजूला घेतले, 81 च्या आत गेलेले 402 दुसऱ्या बाजूला, आणि फॉक्सओ-3 या जनुकाचं एक रूप दीर्घायुषी लोकांत जास्त आढळतं असं दाखवलं. केन्यनबाईंच्या कृमीचं आयुष्य ज्या जनुकावाचून वाढत नव्हतं, त्याचंच हे माणसातलं भावंड. पुढे इतर देशांतल्या अभ्यासांतही हा संबंध दिसला. कृपया आकड्यांकडे पाहावं: 213 आणि 402. लाखो जीनोम लागले नाहीत, नीट नोंदवलेली काहीशे आयुष्यं लागली.

जनुकांचा एकूण वाटा किती याबद्दल अजून एकमत नाही. 1870 ते 1900 मध्ये जन्मलेल्या डेन्मार्कमधल्या 2,872 जुळ्यांच्या जोड्यांवरून तो पावभर धरला गेला. 2018 मध्ये कोट्यवधी लोकांच्या वंशावळी पाहणाऱ्या अमेरिकी अभ्यासाने तो 10 टक्क्यांच्याही खाली आणला, कारण नवराबायको एकमेकांसारखे निवडले जातात आणि त्यांचं जगणं सारखं असतं, हे आधी धरलंच नव्हतं. आता इस्रायलच्या वाइझमन संस्थेतला गट म्हणतो की अपघात, साथी अशी बाहेरून आलेली मरणं बाजूला काढली तर वाटा निम्म्याच्या आसपास जातो. मला यात गोंधळ दिसत नाही. ज्या समाजात लोक पटकीने आणि बाळंतपणात मरतात तिथे जनुकांना बोलायची संधीच मिळत नाही. साथी आटोक्यात आल्या की मग त्यांचा आवाज ऐकू येतो. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होतं, आज ते सत्तरीला टेकलं आहे. म्हणजे हा प्रश्न भारतात विचारण्याची वेळ खरं तर आत्ताच आली आहे.

दीर्घायुष्य वडिलांकडून मुलाकडे जमिनीच्या सातबाऱ्यासारखं सरळ जात नाही, हे मराठी वाचकाला एका घरावरूनच कळेल. महर्षी धोंडो केशव कर्वे 18 एप्रिल 1858 रोजी जन्मले आणि 9 नोव्हेंबर 1962 रोजी गेले, 104 वर्षांचे होऊन. त्यांचे थोरले चिरंजीव र. धों. कर्वे 1953 मध्ये 71 वर्षांचे असताना गेले. वडील त्यांच्यामागे नऊ वर्षं जगले. प्रत्येक जनुकाची जोडी असते, त्यातली एकच प्रत बापाकडून मिळते, आणि कोणती मिळेल ते दर वेळी नव्याने ठरतं. शिवाय शंभरी एका जनुकाची नसते. अनेकांचा छोटा छोटा भार एका पारड्यात पडावा लागतो. म्हणूनच अशा निष्कर्षांना घाई सोसत नाही. बोस्टनच्या गटाने 2010 मध्ये शतायुषींच्या जनुकीय खुणा ‘सायन्स’मध्ये छापल्या, आणि तपासणीच्या चिपमधले दोष दिसल्यावर 2011 मध्ये तो निबंध मागे घेतला. त्यांनी तो मागे घेतला याबद्दल मला आदरच वाटतो.

आपल्या विभागाने या वाटेवर पुष्कळ केलं आहे, ते मी विसरत नाही. जीनोम इंडिया प्रकल्पात देशभरच्या 10,000 लोकांचे जीनोम वाचले गेले आणि जानेवारी 2025 मध्ये ती माहिती फरिदाबादच्या केंद्रातून संशोधकांना खुली झाली. मुंबईत देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये 45 वर्षांवरच्या 72 हजारांहून जास्त लोकांची पाहणी केली. तिच्याशी जोडलेल्या स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासातून साठीपुढच्या 2,762 जणांचे जीनोमही वाचले गेले. पहिल्यातून आपली विविधता कळली, दुसऱ्यातून इतिहास आणि मेंदूचं आरोग्य. पण नव्वदी-पंचाण्णवीपर्यंत धडधाकट पोचलेल्यांना मुद्दाम शोधून त्यांचा अभ्यास करणं हा या दोन्हींचा हेतू नव्हता.

आणि तो हेतू भारतात का हवा, परदेशात सापडलेलं आपल्यालाही लागू होईल की, असं कुणी म्हणेल. त्याला माझं उत्तर एका जनुकात आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या डॉ. थंगराज यांच्यासह अनेक संशोधकांनी 2009 मध्ये दाखवलं की हृदयाच्या स्नायूतलं एक प्रथिन बनवणाऱ्या मायबीपीसी-3 या जनुकातली 25 अक्षरं सुमारे 4 टक्के भारतीयांत गळालेली असतात. युरोपात हा दोष जवळजवळ नाहीच. तरुणपणी त्याचा पत्ता लागत नाही, लग्न होतं, मुलं होतात, आणि पुढे मध्यम वयानंतर हृदय थकायला लागतं. पीटर मेडावर यांनी 1950 च्या सुमारास वार्धक्याचं जे कारण सांगितलं ते हेच: जो दोष मुलंबाळं झाल्यानंतर डोकं वर काढतो, त्याला निसर्गाची निवड गाळू शकत नाही, तो पिढ्यान् पिढ्या साचत राहतो. 4 टक्के म्हणजे कोट्यवधी माणसं. त्यांतले काही नक्कीच ऐंशी-नव्वदीपर्यंत ठणठणीत जगत असणार. त्यांना कशाने तारलं? दुसऱ्या कुठल्या जनुकाने, चालण्याच्या कामाने, की आणखी कशाने? हे उत्तर हवाईत किंवा डेन्मार्कमध्ये मिळणार नाही, आणि ते मिळालं तर औषधाचा धागाही तिथेच हाती लागण्याची शक्यता आहे.

दुसरं कारण आपल्या जातींचं. 1960 च्या दशकात इरावती कर्वे आणि कैलाशचंद्र मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या एकाच दर्जाच्या मानल्या गेलेल्या आठ अंतर्विवाही, म्हणजे आपसातच लग्नं करणाऱ्या, गटांची शारीरिक मोजमापं ताडून पाहिली होती. 2017 मध्ये जनुकांवरून दक्षिण आशियातल्या 263 गटांचा अभ्यास छापून आला. त्यांतल्या 81 गटांत थोड्याच पूर्वजांपासून समाज वाढल्याची खूण अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक निघाली. न्यूयॉर्कच्या नीर बार्झिलाय यांनी शतायुषींच्या अभ्यासासाठी अश्केनाझीच का निवडले? कारण समान पूर्वज असले की दुर्मीळ जनुक शोधणं सोपं होतं. जातीतल्या जातीत लग्नं होत राहिल्याने या देशाचं जे नुकसान झालं ते झालंच. त्यामुळे आलेल्या दुर्मीळ आजारांची कुटुंबं लखनौच्या संजय गांधी वैद्यकीय संस्थेत मेडिकल जेनेटिक्सच्या डॉ. शुभा फडके यांनी वर्षानुवर्षं पाहिली. निदान त्या इतिहासातून वैद्यकाला जेवढं शिकता येईल तेवढं शिकावं.

आता जन्मतारखेकडे येते, कारण सगळा डोलारा तिच्यावर आहे. मी भुसावळची. आमच्या वर्गात निम्म्या मुलांचा जन्म एक जूनचा होता, कारण शाळा जूनमध्ये उघडायची आणि हेडमास्तर तीच तारीख लिहायचे. लखनौला आले तर इथे एक जुलैवाले. आजीच्या पिढीचं वय प्लेगच्या किंवा दुष्काळाच्या वर्षावरून काढायचं. परदेशातही हे फार वेगळं नाही. जपानने 2010 मध्ये तपासलं तेव्हा कागदोपत्री शंभरी पार केलेल्या 2 लाख 30 हजारांहून जास्त लोकांचा ठावठिकाणाच लागला नाही. संशोधक सॉल न्यूमन यांनी तर असं मांडलं आहे की जगात जिथे शतायुषी फार, तिथे बऱ्याचदा जन्माच्या नोंदीच कच्च्या असतात. चुकीच्या वयावर उभारलेलं जनुकशास्त्र कितीही महागड्या यंत्रावर केलं तरी वायाच जाणार.

रेल्वेच्या सर्व्हिस बुकातली तारीखही शाळेच्या दाखल्यावरूनच आलेली असते, हे मला माहीत आहे. पण तिच्यातली चूक एका बाजूला झुकलेली आहे. शाळेत घालताना मुलाचं वय बहुधा कमी लावायचे, म्हणजे कागदावर 92 असलेला माणूस प्रत्यक्षात 93-94 चा असेल, 80 चा नसेल. नोकरीला लागताना तो अठरा-वीस वर्षांचा तरणा होता हे डॉक्टरने पाहिलेलं असतं. आणि पुढची नोंद अखंड आहे. माझे वडील भुसावळला ड्रायव्हर होते, वाफेच्या इंजिनावर आणि नंतर इलेक्ट्रिकवर. वैद्यकीय तपासणीची ए-वन कॅटेगरी. पंचेचाळिशीपर्यंत दर चार वर्षांनी, नंतर दर दोन वर्षांनी, पंचावन्ननंतर दरवर्षी मेडिकल. नजर, रंगांची पारख, ब्लड प्रेशर, लघवीतली साखर. मेडिकलची तारीख जवळ आली की घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही, आई गाजर आणि शेवग्याच्या पाल्याचा मारा करायची. डीकॅट झाले, म्हणजे तपासणीत नापास होऊन ती कॅटेगरी गेली, तर गाडी सुटेल ही धास्ती. त्या तपासण्यांचे कागद कुठल्या ना कुठल्या रेल्वे हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये असतील, किंवा त्यांना कसर लागत असेल. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाच्या गावात 1948 पासून लोकांच्या अशाच नियमित तपासण्या झाल्या आणि हृदयविकाराबद्दल जगाला जे कळलं त्यातलं बरंच तिथून कळलं. आपल्याकडे तसल्या नोंदी गाड्या सुरक्षित चालाव्यात म्हणून होत राहिल्या आणि कुणाच्या मनात आलं नाही की हे विज्ञानही आहे.

निवृत्तीनंतर सरकार पुन्हा वय विचारतं. 80 पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर 20 टक्के जादा, 85 ला 30, 90 ला 40, 95 ला 50, आणि शंभरी गाठली तर शंभर टक्के, म्हणजे पेन्शन दुप्पट. याचा अर्थ नव्वदीपुढचे आणि शंभरीपुढचे किती आणि कोण हे सरकारला वेगळं शोधावं लागत नाही. ते तर दरमहा त्यांना पैसे देतं. आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला.

गेल्या नोव्हेंबरात एका बँकेत हा दाखला द्यायला गेले तेव्हा माझ्यापुढे आलमबागच्या कॅरेज-वॅगन वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक फिटर होते, 93 वर्षांचे. यंत्रावर अंगठा उमटेना. आयुष्यभर लोखंड हाताळलेला अंगठा, त्यावरच्या रेषा जवळजवळ सपाट झालेल्या. त्यांनी तो धोतराला पुसला, काउंटरवरच्या मुलीने ओल्या रुमालाने पुसला, मग दुसरं बोट, मग तिसरं. शेवटी मोबाइलवर चेहरा दाखवायचं ठरलं. “पलकें झपकाइए, बाबूजी,” असं ती मुलगी सांगत राहिली आणि त्यांनी पापण्या मिटल्या-उघडल्या. रांगेत बाकावर बसल्या बसल्या मी त्यांना विचारलं. गावी थोरले भाऊ आहेत, 97 चे, शेतावर जातात. आई शंभरीच्या पुढे गेली असं घरात म्हणतात. बायको साठीतच गेली. सासरे लवकर गेले. नाव सांगण्याआधी त्यांनी मला आपला वर्कशॉपमधला टिकट नंबर सांगितला होता. अभ्यासाला लागणारं सगळं त्या एका बाकावर होतं: दीर्घायुषी माणूस, त्याचं हयात भावंड, त्यांची मुलं, आणि तुलनेसाठी सुनांची माहेरं, ज्यांचं अन्न-पाणी तेच पण रक्त वेगळं. दाखला झाला आणि ते निघून गेले. शास्त्राच्या दृष्टीने त्यांची नोंद झालीच नाही.

या यादीच्या मर्यादाही आपल्यापुढे ठेवायला हव्यात. तिच्यात पुरुष फार. कायम नोकरी, क्वार्टर, मोफत औषधपाणी मिळालेली ही माणसं. शेतमजुराच्या आयुष्याचं चित्र तिच्यातून मिळणार नाही. पण त्याचा एक फायदाही आहे. गँगमन, सफाईवाला, गार्ड, अधिकारी, आसामी, तमिळ, मराठी, सगळ्या जातींचे लोक एकाच मालकाकडे, एकाच हॉस्पिटल व्यवस्थेत आयुष्य काढलेले अशी दुसरी जागा देशात क्वचितच सापडेल. बायकांसाठी फॅमिली पेन्शनकडे वळावं लागेल. विधवा पेन्शनर मोठ्या संख्येने आहेत आणि पुष्कळ जणी खूप जगतात, मात्र नवऱ्याच्या पेन्शनच्या कागदावर अनेकींची जन्मतारीखच लिहिलेली नसते. ओळखीच्या एका बाईंना ऐंशी पूर्ण झाल्याचं सिद्ध करायला एका कार्यालयात कितीदा खेपा घालाव्या लागल्या ते मी पाहिलं आहे. त्यांच्या बाबतीत थोरल्या मुलाचा जन्म, लग्नाचं वर्ष, भावंडांची वयं असं ताडून वय काढावं लागेल. ते कष्टाचं काम आहे, पण ते टाळलं तर अभ्यास निम्म्या माणसांचाच होईल.

संमतीचं तर विशेष जपायला हवं. नव्वदीचा माणूस पेन्शनच्या ऑफिसातून आलेल्या कुठल्याही कागदावर सही करतो, कारण नाही म्हटलं तर पेन्शन अडेल अशी भीती त्याच्या मनात असते. म्हणून पेन्शन देणाऱ्या हाताने रक्त मागू नये. रेल्वेने फक्त पत्र पाठवावं. पुढे ज्याला इच्छा असेल त्याने स्वतः अभ्यासाकडे यावं. विचारायला येणारा माणूस डॉक्टर असावा आणि तो पेन्शनचं काहीही बघत नाही हे त्याने आधी सांगावं. नातवंडांचा प्रश्नही आहे. आजोबांच्या जनुकात आढळलेला दोष उद्या नातवाच्या विम्याच्या आड आला तर? दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये आनुवंशिक आजार सरसकट विम्याबाहेर ठेवणं भेदभावाचं ठरवलं, पण विषय तिथे मिटलेला नाही, आणि संसदेने या बाबतीत स्पष्ट कायदा करेपर्यंत या नमुन्यांची माहिती संशोधनाबाहेर कुणाच्याही हाती जाता कामा नये. जे कळेल ते त्या कुटुंबाला त्यांच्या भाषेत परत सांगायचं, हेही पहिल्या दिवशी लिहून द्यावं. रक्त घेऊन गेलेले परत फिरकले नाहीत, असा अनुभव या देशातल्या आदिवासी पाड्यांवर पुष्कळांना आहे.

हे सरकारने करावं असं मी म्हणते, कारण दुसरीकडे बाजार थांबलेला नाही. दीर्घायुष्याच्या नावाने गोळ्या, जनुक तपासण्या, ‘खरं वय’ सांगणारे रिपोर्ट मोठ्या शहरांत विकले जात आहेत, आणि त्यांतले बहुतेक आडाखे युरोपीय वंशाच्या लोकांवर बसवलेले. 2022 मध्ये भारतात साठीपुढचे सुमारे 15 कोटी लोक होते, 2050 पर्यंत ते 34 कोटींच्या पुढे जातील असा संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाचा अंदाज आहे. त्यांची शेवटची दहा-पंधरा वर्षं अंथरुणात जाणार की चालत्या पायांवर, यावर लाखो घरांचं सुख अवलंबून राहील. विशेषतः त्या घरांतल्या बायकांचं, कारण उशाशी बसणं त्यांच्याच वाट्याला येतं.

सुरुवात लखनौपासून करता येईल. जनुकतज्ज्ञ संजय गांधी संस्थेत आहेत, वृद्धांच्या मनोविकारांचा स्वतंत्र विभाग केजीएमयू या वैद्यकीय विद्यापीठात आहे, कृमीवर औषधं तपासणाऱ्या प्रयोगशाळा शहरात आहेत, कानुनगोंचं विद्यापीठ रात्रीच्या एका गाडीच्या अंतरावर आहे, आणि चारबाग, आलमबाग वर्कशॉपांतून व आरडीएसओमधून निवृत्त झालेली माणसं कृष्णा नगर, आशियाना, आलमबागमध्ये चालत जाण्याच्या अंतरावर राहतात. येत्या नोव्हेंबरात या भागातल्या नव्वदीपुढच्या पेन्शनरांना एक पत्र जावं. त्याच वेळी जुन्या मेडिकल नोंदी रद्दीत काढण्यावर बंदी येऊन त्यांचं स्कॅनिंग सुरू व्हावं; रक्त पुढच्या वर्षी घेता येईल, पण फाडलेली फाइल पुन्हा मिळणार नाही. 1930 च्या आगेमागे जन्मलेली, दुसरं महायुद्ध आणि फाळणी पाहिलेली, वाफेच्या इंजिनावर काम केलेली ही पिढी आहे, आणि दर हिवाळ्यात ती विरळ होते.

मानक नगर आणि आसपासच्या निवृत्तांना एकत्र बोलावून हा विषय हिंदीत समजावून सांगायचं काम मी आणि माझ्या दोन मैत्रिणी करू. आपल्या विभागातल्या कुणी एकाने त्या बैठकीला येऊन त्यांच्या शंकांना उत्तरं द्यावीत. तारीख आपण कळवावी. सकाळी अकराची वेळ ठेवावी, कारण त्या आधी थंडीत म्हाताऱ्यांना बाहेर पडणं अवघड जातं.

आपली,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी
मानक नगर, लखनौ